रायडिंग स्कूलचा अनुभव: बरेच महिने शिकल्यानंतर

घोडेस्वारी शिकायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितेय, थोडं लांबेल. ट्रायल लेसन झाल्या झाल्या लिहिलेले रिव्ह्यू भरपूर सापडतात आणि त्यात सगळं छानच असतं. मी आता बरेच महिने जातेय, कडक ऊन, चिखल, सुट्ट्यांमधली गर्दी, घोड्यांची आजारपणं, एक शो, सगळं बघून झालंय, आणि माझं पक्कं मत असं झालंय की रायडिंग स्कूलची फी ही घोड्याची फी असते. अरीना, म्हणजे शिकवायचं मैदान, केवढी आहे, बसायची सोय कशी आहे, भिंतीवर ट्रॉफ्या किती आहेत हे सगळं नंतर. शिकवणारा घोडा धडधाकट आणि शांत असेल तर साधा कोचसुद्धा तुम्हाला नीट बसायला शिकवतो, आणि घोड्याची पाठ दुखत असेल तर कितीही नावाजलेला कोच असो, तुम्ही फक्त आदळत राहता.

क्लास लावायच्या आधी मी दोन-तीन पागा फिरून बघितल्या. एका ठिकाणी सगळं चकाचक होतं, रिसेप्शन वगैरे, पण तबेल्यात गेले तर भर दुपारी एकाही घोड्यापुढे गवताची काडी नाही आणि दोन घोड्यांचे तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, जागचे केस घासून गेलेले. विचारलं तर म्हणाले चंदी, म्हणजे दाणा, देतो ना सकाळ-संध्याकाळ. आता चंदी दिली म्हणजे झालं असं घोड्याचं नसतं. त्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात ॲसिड दिवसभर तयार होत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. लाळ मात्र चावतानाच सुटते आणि तीच लाळ ॲसिडला सांभाळते. मोकळा सोडलेला घोडा म्हणूनच दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. तासन् तास रिकामा ठेवला की पोटात अल्सर होतात आणि मग तोच घोडा तंग आवळताना दात दाखवतो, कान मागे पाडतो, आणि लोक म्हणतात खोडकर आहे. खोडकर नाही हो, दुखतंय त्याला. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज लागतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ७ ते ९ किलो, शिवाय २५ ते ५० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाण्यापिण्यात गडबड झाली की पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. हे सगळं मला पागेतच शिकायला मिळालं, पण तुम्ही आधीच माहीत करून गेलात तर पाच मिनिटांत कळेल कुठे थांबायचं आणि कुठून परत फिरायचं.

मी जिथे जाते तिथे अरीना साधी आहे, कडेला बसायला दोन बाक, बस. पण प्रत्येक घोड्यापुढे गवताची जाळी टांगलेली असते, रोज काही तास जोडीने बाहेर मोकळे सोडतात, आणि एका घोड्यावर दिवसात किती लेसन झाले ते फळ्यावर लिहिलेलं असतं, कोणीही वाचावं असं. मला तो फळा बघूनच विश्वास बसला.

आता शिकवण्याबद्दल. इथे घोडा तयार करून हातात देत नाहीत, अर्धा तास आधी यायचं आणि स्वतः खरारा करायचा, खूर साफ करायचे, खोगीर चढवायचं. बरेच जण याच कारणाने सोडून जातात, की आम्ही बसायचे पैसे दिलेत, घासायचे नाही. मला उलट वाटतं, माझ्या फीमधला सगळ्यात वसूल भाग हाच. रबरी खरारा गोल गोल फिरवत मानेपासून मागे जायचं, खालची धूळ आणि सुटलेले केस वर येतात, मग कडक ब्रशने ते केसांच्या दिशेने झटकायचं, खोगिराची आणि तंगाची जागा हाताने चाचपून बघायची, कुठे माती चिकटलीय का, फोड आलाय का, हात लागला की कातडी थरथरते का. खरारा करताना त्याची आवडती जागा सापडली, बहुतेकांची खांद्याच्या वर आयाळ संपते तिथे असते, की मान लांब होते, वरचा ओठ हलायला लागतो, डोळे अर्धे मिटतात. मी ज्या घोडीवर शिकते ती तर अशा वेळी सगळं वजन माझ्यावर टाकते. त्यानंतर तिच्यावर बसले की तीही वेगळी असते आणि मीही, तो फरक ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल.

खुरांचं काम आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, काका शिकवतात. खांद्यापासून हात पायाच्या मागच्या बाजूने खाली सरकवत आणायचा, घोटा गाठायच्या आधीच घोडी पाय उचलून देते, ओढायला लागत नाही. मग हूकने टाचेकडून पुढे खरवडत यायचं, मधल्या मऊ त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट मोकळ्या करायच्या, त्या मऊ भागाला मात्र टोक लावायचं नाही. खाचेत काळं, कुजका वास येणारं काही निघालं की काका लगेच बघायला येतात, ओलाव्यात उभं राहून होतं ते. एकदा लेसनच्या आधी त्यांनी माझ्या घोडीच्या पुढच्या खुरावर तळहात ठेवला, मग दुसऱ्या खुरावर, परत पहिल्यावर, घोट्याच्या मागे बोटाने नाडी बघितली आणि म्हणाले हिला आज काढायची नाही, खूर गरम आहे. चालीत काहीही दिसत नव्हतं. नालबंदाने येऊन बघितलं तर खुरात पू धरायला लागला होता, वेळेवर मोकळा करून दिला आणि थोड्याच दिवसांत घोडी परत कामाला लागली. त्या दिवशी पूर्ण बॅच होती, घोडा कमी पडत होता, तरी कोणी काकांना ऐकवलं नाही की बघू, आजच्या दिवस चालवू. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या पागेला पैकीच्या पैकी देईन.

लेसनची पद्धत जुनी आहे. पहिले कित्येक आठवडे लगाम हातात देतच नाहीत. कोच मध्ये उभे, लांब दोरीवर घोडी गोल फिरतेय, आणि आपण वर बसून हात बाजूला पसरायचे, खांदे फिरवायचे, नंतर रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, त्यासुद्धा काढून घेतात. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू, शेजारची दुसरी बॅच पहिल्याच महिन्यात पळवत असते आणि आपण दोरीवर. पण मांड पक्की होते ती यातच. लगाम धरून तोल सांभाळायची सवय लागली की तो सगळा तोल घोड्याच्या तोंडावर लटकतो, लोखंडी कडी बिचाऱ्याच्या जिभेवर. आमचे सर यावर एक गोष्ट नेहमी सांगतात. डेन्मार्कची लिस हार्टेल, पोलिओमुळे गुडघ्याखाली पायात ताकद नाही, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, आणि तिने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घ्यायच्या प्रकाराचं, रौप्य मिळवलं, तेही बायकांना ड्रेसाजमध्ये पहिल्यांदाच उतरू दिलं त्या वर्षी, पुरुषांच्या बरोबरीने. १९५६ मध्ये परत रौप्य. टाच मारून नाही, बैठकीने आणि वजनाने घोडा चालवला तिने. रिकिबीशिवाय दुडकीत बसताना मांड्या भरून यायच्या तेव्हा मला हीच बाई आठवायची.

दुडकी म्हणजे ट्रॉट, त्याचे ठोके दोन, कर्णातले पाय जोडीने पडतात, आणि त्यावर उठ-बस करायची. अरीनात वळताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं. सुरुवातीला खाली वाकून खांदा बघावा लागतो, मग कधीतरी कंबरेलाच कळायला लागतं. कँटर म्हणजे त्याच्यापुढची वेगाची चाल, तीन ठोक्यांची, आणि दुडकीत कुदून निघालेली मी कँटरमध्ये पाळण्यात बसल्यासारखी निवांत झाले, कारण तोवर लगामाला धरून राहायची गरजच उरली नव्हती.

सामानाचं थोडक्यात सांगते. हेल्मेट स्वतःचं घ्या, शाळेचं वापरू नका, ते किती वेळा आपटलंय कुणाला माहीत. सायकलचं चालत नाही, घोडेस्वारीच्या मानकाचं हवं. आतला फोम एकदा दबला की परत वर येत नाही, म्हणून जोरात पडलात तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आणि न पडताही पाचेक वर्षांनी. बुटांना छोटी टाच असलीच पाहिजे, सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार जातो आणि पडताना पाय अडकला तर फरफटत जाता, याच्याएवढं वाईट काही नाही. जोधपुरी पँट आतून शिवण नसलेली बघा. बाकी ग्लोव्ह्ज, हाफ चॅप्स (पोटऱ्यांवर चढवायची चामडी आवरणं) सावकाश घ्या. खोगीर विकत घ्यायच्या फंदात तर एवढ्यात पडूच नका, ते घोड्याच्या पाठीच्या मापाचं लागतं, आपल्या नाही.

शो हा वेगळाच विषय. मी सगळ्यात खालच्या ड्रेसाज टेस्टमध्ये उतरले होते, फक्त वॉक आणि ट्रॉट, २० बाय ४० मीटरची अरीना, कडेने अक्षरं, त्या त्या अक्षरावर सांगितलेलं करायचं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण आणि शेजारी जजचा शेरा. तो कागद मी जपून ठेवलाय. महिनोन् महिने कोच सांगत होते ते दुसऱ्या, अनोळखी माणसाने दोन शब्दांत लिहिलेलं बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. आमच्या टेस्टमध्ये लगाम सैल सोडून मोकळ्या वॉकला दुप्पट गुण होते, म्हणजे घोडा मान खाली लांब करून निवांत चालतोय का, तुमच्यावर विश्वास आहे का त्याचा, ते बघतात. खराऱ्याचा अर्धा तास इथे कामी येतो! दुपारी जंपिंगला मी बांबू उचलायला थांबले होते. प्रत्येक अडथळ्याची लाल झेंडी उजव्या हाताला, पांढरी डाव्या, बांबू पाडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. राउंडच्या आधी स्वार पायी कोर्स चालून दोन अडथळ्यांमधली पावलं मोजतात, घोड्याची कँटरमधली एक झेप साडेतीन मीटरहून थोडी जास्त धरून, हे जवळून बघितल्यावर जंपिंग बघायची नजरच बदलली माझी. आणखी एक आवडलं, शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा म्हणजे लाथ मारणारा, मागून लांब राहा, हे पालकांना स्पीकरवरून परत परत सांगत होते.

आता तक्रारी. शोच्या आधी आणि नंतर नेहमीचे लेसन पटापट रद्द होतात, आणि त्याची भरपाई मागे लागल्याशिवाय मिळत नाही. सुट्ट्यांमध्ये बॅच एवढी फुगते की तासातला निम्मा वेळ आपली पाळी यायची वाट बघण्यात जातो, कोच एकच आणि डोळे सगळीकडे. मी याबद्दल लेखी दिलंय, सहाच्या वर विद्यार्थी घेऊ नका म्हणून, अजून उत्तर नाही. खोगिरं दोन जुनी आहेत, त्यातलं एक एका बाजूला झुकतं, ते बदलायला हवं, विद्यार्थ्यासाठी नाही तर घोड्याच्या पाठीसाठी. मोतद्दारांच्या कामाचे तास फार आहेत, एवढं सांभाळणाऱ्या माणसांना आठवड्याची सुट्टी ठरलेली असायला पाहिजे, आणि हे फी भरणाऱ्या पालकांनीच विचारलं पाहिजे.

वजनाबद्दल बरेच जण चाचरत विचारतात म्हणून लिहिते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आत असावं असं धरतात, आमच्याकडे त्याहून कमीच ठेवतात, आणि मोठ्या माणसांसाठी दोन दणकट घोडे वेगळे आहेत. फोनवरच विचारून घ्या. वजन विचारायला लाजत असतील आणि कुठल्याही घोड्यावर कोणालाही बसवत असतील तर ती जागा सोडा. ट्रायलला जाल तेव्हा लेसनच्या वेळेला जाऊ नका, दुपारी जा, काम बंद असतं तेव्हा. घोड्यांच्या तोंडापुढे काय आहे ते बघा, आणि मोतद्दार जवळून गेला की घोडे मान बाहेर काढून फुरफुरतात की मागे भिंतीला सरकतात, तेवढं बघा आणि मगच फॉर्म भरा.