गोव्यातल्या गावावर प्रबंध: सिद्धान्ताची चौकट कुठली घ्यावी?

एमएचा प्रबंध गोव्यातल्या गावावर असेल, तर पहिली ठेच कोष्टकातच लागते. १९६० ची जनगणना पोर्तुगीजांची, १९७१ ची भारताची, आणि १९८७ पर्यंतच्या प्रदेशाच्या बेरजांत दमण-दीवही मिसळलेले. गाव तेच, राज्यसंस्था वेगळी. ‘समाज म्हणजे राष्ट्र-राज्य’ असं गृहीत धरणारी चौकट इथेच अडखळते. या सवयीला समाजशास्त्रज्ञ हर्मिनियो मार्टिन्स यांनी १९७४ मध्ये ‘पद्धतीय राष्ट्रवाद’ म्हटलं. उलरिक बेक यांनी तो शब्द गाजवला. तरीही विषय १९६७ च्या जनमत कौलाचा (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या) किंवा राजभाषा कायद्याचा असेल, तर राष्ट्र-राज्याचीच चौकट पुरते. उगाच जागतिकीकरण आणू नये.

खाणींसाठी समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टीन यांची केंद्र, अर्धपरीघ आणि परीघ ही मांडणी (जग ही एकच अर्थव्यवस्था, तिच्यात केंद्र परिघाकडून कच्चा माल ओढतं) उपयोगाची, पण एक चूक हमखास होते: लिस्बनला केंद्र मानलं जातं. पोर्तुगीज अमलातच मुरगावहून खनिज जपानला जात होतं. पुढे चीनची मागणी आली. म्हणजे सत्ता एकीकडे, बाजार दुसरीकडे. डिचोली-सांग्यातला खाणमालक किंवा बार्जवाला मात्र या मांडणीत निव्वळ प्यादं ठरतो. शिवाय कथेची सुरुवात सोळाव्या शतकातल्या युरोपातच होते, त्यामुळे युरोपकेंद्रीपणा सुटत नाही.

आधुनिकता पश्चिमेत जन्मली आणि जगभर पसरली, ही समाजशास्त्रज्ञ गिडन्स यांची मांडणी वाचायला सोपी. तिच्यावरून जागतिकीकरणात सीमा विरघळतात असं वाटतं. पासपोर्टांच्या प्रश्नावर लावून पाहा. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेले लोक लिस्बनला जन्मनोंद करतात. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. इथे सीमा विरघळत नाही, तिलाच भाव येतो.

गावकरीसाठी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेसाठी, समाजशास्त्रज्ञ गुरमिंदर भांब्रा यांचं ‘जोडलेलं समाजशास्त्र’ आमच्या मते सरस: युरोप आणि वसाहती एकमेकांच्या संबंधांतूनच घडल्या, असं ते मानतं. गावकरीला ‘आधुनिकतेपूर्वीचा अवशेष’ म्हटलं, की १५२६ चा फोराल (पोर्तुगीजांची सनद) समजतच नाही: गावाची जुनी वहिवाट लेखी आणून तिच्यावर वसाहतीच्या महसुलाची घडी बसवली गेली. युरोपीय राज्य इथल्या संस्थेवर उभं राहत होतं. पण ही वाट कष्टाची. जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येत नसेल, तर गावही एकच घ्या आणि दस्तऐवजही एकाच प्रकारचे. शेतांच्या पावणीच्या (लिलावाच्या) नोंदी बऱ्या: कोणाला, कुठलं शेत, कितीला. नाणं रुपया की एस्कुदो, हे प्रत्येक रकमेपुढे लिहा. नाहीतर १९६१ च्या अलीकडच्या-पलीकडच्या रकमा एकाच रकान्यात बेरजेला बसतात.