नऊ महिने रात्री बाहेर जेवलो, त्याचा हिशेब

परवा मेसमधली माझी 11 कुपनं बाद झाली. 60 कुपनांचं पुस्तक 4,200 रुपयांना, म्हणजे ताटाला 70. एकूण 770 रुपये पाण्यात. नातीच्या बारशाला कोल्हापूरला गेलो, दोन आठवडे राहिलो, परत येऊन कुपन पुढं केलं तर गल्ल्यावरचा म्हणतो, "काका, मुदत संपली की. मागं छापलंय बघा." छापलंय खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आणि त्यावर मेसचा शिक्का. त्या रागात लिहायला बसलोय, तेवढं वजा करून वाचावं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मुलीला डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आणि आमची ही कोल्हापूरला गेली. सकाळचा वरणभात मला जमतो. रात्रीचं बाहेर. बेळगावात टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ राहतो, पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे कुठं किती गेले ते वहीत आहे. कुंदा या इथल्या मिठाईबद्दल यात काही मिळणार नाही. बेळगावावर लिहिणारा प्रत्येक जण कुंद्यावर लिहितो, आणि इथला माणूस तो पाहुणे आल्याशिवाय आणत नाही.

तर मेस. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. तीन चपात्या, एक सुकी भाजी, उसळ, आमटी, भात, आणि ताटाच्या कडेला कांद्याच्या चार पातळ चकत्या, वर लिंबाची फोड. आमटी रोज त्याच चवीची, पण त्या कांद्यावर ती खपून जायची. मला कांद्याशिवाय जेवण जात नाही. हा दोष माझा म्हणा, पण पुढचं सगळं त्याच्यावरच बेतलेलं आहे.

नोव्हेंबरात कांदा 60-70 रुपये किलो झाला आणि ताटात कोबी आला. बारीक चिरलेला, वर मीठ, पाणी सुटलेला. ते पाणी चपातीखाली जाऊन तिसरी चपाती ओली. वाढणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, "आता कोबीच हाय काका, दर बघा की बाजारात." बघितला. पटलं. सप्टेंबरात केंद्रानं कांद्याचं निर्यात शुल्क 40 टक्क्यांवरून 20 वर आणलं होतं, माल बाहेर जायचा, नवीन पीक यायचं होतं. मेसवाला तरी काय करणार? डिसेंबरही गप्प काढला. तेव्हा सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, त्यात 1924 च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी, रस्त्यांवर रोषणाई, गावात पोलीसच पोलीस. मेसमध्ये आठ वाजता रांग लागायची. अशा वेळी कांदा मागणं बरं दिसत नाही.

पण मार्चमध्ये कांदा 25 वर आला. 1 एप्रिलपासून निर्यात शुल्क पूर्ण उठलं, तरी दर वर गेला नाही. ताटात मात्र कोबीच. एप्रिल कोबी, मे कोबी. मालकांना विचारलं, "अण्णा, आता काय अडचण?" म्हणाले, "लोकांना सवय झाली हो. कोणी मागत नाही." मी मागतोय ना! तर म्हणाले, "एक्स्ट्रा प्लेट दहा रुपये." म्हणजे महागाईत काढून घेतलेली वस्तू स्वस्ताईत विकायला ठेवली. पाचाचे तीन तिथंच केले. कुपनांनंतर दोन.

खानापूर रोडवरचा बार शनिवारपुरता. एक बिअर, एक मसाला शेंगदाणे, घरी. 20 जानेवारीपासून राज्यात बिअर महागली, तेव्हापासून शनिवाराआड केला. इथं कांदा 'ग्रीन सलाड' या नावानं 70 रुपयांना मिळतो : कांद्याच्या चार चकत्या, काकडीच्या तीन, टोमॅटोच्या दोन, आणि बीटाची एक, जी कोणी खात नाही. ती बीटाची चकती मला दर वेळी तीच वाटते. एकदा कडेला दातानं खूण करून ठेवली होती. पुढच्या वेळी खूण नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. मित्र म्हणतात शिनोळीला चल, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की ढाबे आहेत. पेट्रोल धरलं की हिशेब बसत नाही, शिवाय परतताना गाडी कोण चालवणार?

शहापुरातली सावजी खानावळ रविवारी दुपारची. मटण तिखट, रस्सा लालभडक, कांदा भरपूर, तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसवत नाही, म्हणून महिन्यातून एकदा.

आता खरं ज्यासाठी लिहितोय ते. फेब्रुवारीत भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, त्यावरून पेटलं आणि काही दिवस कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. मला हे काही ठाऊक नव्हतं. शनिवारी कोल्हापूरला जायचं म्हणून पिशवी घेऊन मध्यवर्ती स्टँडवर उभा. गाडी नाही. दोन तास थांबून भूक लागली, समोरच्या गल्लीत लिंगायत खानावळ होती, म्हणजे शाकाहारी, शिरलो. एरवी गेलो नसतो. कडक भाकरी दाताला लागते आणि माझ्या दाढेला टोपी बसवलेली आहे.

वाढप्यानं कन्नडमध्ये विचारलं, बिसी, म्हणजे गरम, की कडक. बिसी म्हटलं. तव्यावरची ज्वारीची भाकरी आली, वाफ निघत होती. एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी, तेलानं माखलेली. मुगाची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, मेथीची कोवळी पानं, वाटीत दही. आणि कांदा. चिरलेला नाही, आख्खा. मी सुरी मागणार एवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं स्वतःचा कांदा टेबलावर ठेवला, मूठ वळली आणि एकच बुक्की हाणली. कांदा चार बाजूंनी उमलला. मधला कोवळा कोंब त्यानं आधी तोंडात टाकला, मग वरच्या पाकळ्या. मी पण हाणली. पहिल्या बुक्कीला कांदा घरंगळून भिंतीला लागला. म्हाताऱ्यानं उचलून परत दिला आणि कांद्यावर नाही, माझ्या मुठीवर बोट ठेवून ती थोडी तिरकी केली. दुसऱ्या बुक्कीला फुटला.

बाहेर स्टँडवर पोलिसांची गाडी उभी होती. आत मी "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणत होतो आणि वाढपी ऐकत नव्हता. तिसरी भाकरी त्यानं वाढलीच. 90 रुपये.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जातो. दोष आहेत. हात धुवायच्या नळाला चावी नाही, फडकं गुंडाळलेलं आहे. दुसरी दह्याची वाटी 15 रुपये, ते सांगत नाहीत, बिलात दिसतं. मटण नाही, साहजिक आहे. दुसऱ्या गेटपासून लांब, रिक्षानं गेलो तर 90 चे दीडशे होतात, म्हणून चालत जातो. पण कांदा संपला तर वाढपी न विचारता दुसरा ठेवतो. नोव्हेंबरात तिथं काय करत होते, असं विचारलं, तर म्हणाला, तेव्हा लहान कांदा ठेवत होतो.

कुपनांचं म्हणाल तर काल मालकांशी तडजोड झाली. 11 पैकी 6 चालवून घेतो म्हणाले, 350 रुपये बुडाले. काल रात्री पहिलं वापरलं. ताटात कोबी. मी खिशातून घरचा कांदा काढला, टेबलावर ठेवला, मूठ वळली आणि हाणली. आवाजानं चार-पाच जण बघायला लागले. एकानं विचारलं, "काका, तुम्हाला कुठं मिळाला?"

मालक गल्ल्यावरून उठून आले आणि काही न बोलता भिंतीकडं बोट दाखवलं. बाहेरचे पदार्थ आत आणू नयेत. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, आणि अक्षरं या वेळी चांगली मोठी.