डीप्लायरचं फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

परवा एका अहवालात दोन गटांची बेरीज मूळ आकड्याशी काही केल्या जुळेना, म्हणून हे लिहायला बसलो. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत कंडिशनमध्ये बसणारे रो (टेबलातल्या ओळी) तेवढे गाळून घ्यायला डीप्लायर या पॅकेजमधलं फिल्टर हे फंक्शन काही महिने रोज वापरतोय. महिन्याभरापूर्वी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

कौतुकाच्या गोष्टी आहेतही. कॉलमचं नाव सरळ लिहायचं, दरवेळी डॉलरचं चिन्ह नको. दोन कंडिशनमध्ये स्वल्पविराम दिला की 'आणि'. समान आहे का हे तपासणाऱ्या == ऐवजी चुकून एकच = पडलं तर एरर येतो आणि == हवं होतं का, असंही तिथेच विचारलं जातं. छान.

आता आरसोबतच येणारा एअरक्वालिटी डेटा घ्या. न्यूयॉर्कची 1973 सालची मे ते सप्टेंबरची हवा, 153 दिवसांचे 153 रो. ओझोनच्या कॉलममध्ये 37 एनए, म्हणजे नोंद नसलेल्या जागा. एकदा 'ओझोन > 60' गाळा, एकदा 'ओझोन <= 60'. दोन्ही मिळून हाती येतात 116 रो. कंडिशन एकमेकींच्या नेमक्या उलट, तरी 37 दिवस दोन्हीकडून गायब! ना एरर, ना वॉर्निंग.

कारण साधं आहे. एनएची 60शी तुलना केली की उत्तर एनएच येतं, आणि फिल्टर फक्त ट्रू आलेले रो ठेवतं. डेटाबेससाठीच्या एसक्यूएल भाषेतलं व्हेअरही असंच वागतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, गप्प बसण्याबद्दल आहे. त्याच घराण्यातल्या, आलेख काढणाऱ्या जीजीप्लॉटमध्ये हाच ओझोन तापमानासमोर ठिपक्यांनी मांडा, 37 रो काढल्याचं लगेच सांगतं. मग फिल्टरला काय झालं?

सगळ्यात जास्त मनस्ताप !=, म्हणजे 'समान नाही'चं चिन्ह, देतं. 'स्थिती != रद्द' लिहिताना मनात 'रद्द झालेले तेवढे वगळ' एवढंच असतं. फिल्टर मात्र ज्यांची स्थिती नोंदवायचीच राहिली आहे, त्यांनाही बाहेर काढतं.

या प्रकारानंतर रो निवडायच्या आरच्या जुन्या पद्धतीबद्दलचं, म्हणजे चौकोनी कंसांबद्दलचं मत थोडं बदललं. ते एनए आला की अख्खा रो एनएने भरून समोर टाकतात. वरच्याच दोन कंडिशन कंसांत घातल्या तर मिळून 190 रो येतात, त्यांतले 74 पोकळ. कचराच, पण डोळ्यांत खुपतो, त्यामुळे निदान शोध तरी सुरू होतो.

तरी फिल्टर सोडलेलं नाही. वगळायचं असेल तर आता != लिहीत नाही, 'यादीत आहे का' हे पाहणारा इन ऑपरेटर वापरून त्या कंडिशनच्या आधी ती उलटी करणारं उद्गारचिन्ह लावतो. इन एनएला फॉल्स ठरवतं, त्यामुळे उलटं केल्यावर ते रो टिकतात. लहानमोठ्याच्या तुलनेत ही युक्ती चालत नाही. तिथे 'किंवा इज डॉट एनए' (म्हणजे 'किंवा एनए असेल तर') जोडायचं आणि गाळण्याआधी व नंतर एनरो, म्हणजे रोंची संख्या, छापायचा. एका ओळीच्या कामाला तीन ओळी.

पाचपैकी तीन तारे. 'एनएमुळे इतके रो गेले' एवढं छापायला लागलं, तर चौथा लगेच देईन.