अध्यापक-गटात आठ महिने: रिफ्रेशर कोर्सपेक्षा मागचा बाक बरा

अमळनेर, चोपडा, धरणगाव इथल्या कॉलेजांत शिकवणारे आम्ही नऊ जण. कुणी मराठीचं, कुणी रसायनशास्त्राचं, कुणी वाणिज्यचं, मी संख्याशास्त्राचा. दोघं सीएचबीवाले, म्हणजे तासाच्या बोलीवर शिकवणारे. जुलैपासून एकमेकांचे तास बघतो आणि एक आड एक शनिवारी त्यावर बोलायला बसतो. नंतर शेवभाजी असते, आणि निम्मी हजेरी तिचीच.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात १९७९ साली असे गट सुरू झाले, आणि मिल्टन कॉक्स यांनी पुढे त्यांची घडी बसवली. आठ-बारा माणसं, शक्यतो वेगवेगळ्या विषयांची, वर्षभर तोच गट. दुसऱ्या विषयाचा माणूस माझ्या वर्गात करणार काय, असं मला वाटायचं.

सप्टेंबरात मराठीच्या मॅडम माझ्या एसवायच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, चाललं होतं. तास संपल्यावर त्यांनी वही पुढे केली. ४८ मिनिटांत मी १७ वेळा ‘समजलं ना?’ विचारलं होतं आणि एकदाही उत्तरासाठी थांबलो नव्हतो. “सर, मलाही समजलं नाही, पण सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली.” बावीस वर्षं शिकवतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. संख्याशास्त्रवाला बसला असता तर त्याने फळ्यावरचं सूत्र तेवढं तपासलं असतं.

तेव्हापासून तासाच्या शेवटी अर्धा कागद घेतो: आज कुठे अडलं? आधी निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. अहिराणीत लिहा म्हटल्यावर एक आली: ‘सरासरी समजनी, पन वर्ग कसाले करतस?’ सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग कशासाठी करायचा, खरा प्रश्न हाच होता! मग केळीचे भाव घेतले. एका गावात १०००, ११००, १२००. दुसऱ्यात ६००, ११००, १६००. सरासरी दोन्हीकडे ११००, आणि फरकांची बेरीजही दोन्हीकडे शून्य. फरकांची नुसती बेरीज केली तर चढउतार दिसतच नाही, म्हणून वर्ग, हे पोरांनीच सांगितलं.

आता खटकलेलं. कापूस वेचणीत आणि परीक्षांत चार बैठका बुडाल्या. मध्येच एका कॉलेजातून बॅनर, फोटो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी अहवाल अशी मागणी आली. ती बैठक भरगच्च झाली, पण आपला फसलेला तास कुणीही सांगितला नाही. सीएचबीवाल्यांचं दुखणं वेगळंच. त्यांना तासावर पैसे, म्हणजे हा शनिवार फुकटचा. त्यात समोर आपलेच विभागप्रमुख. बोलणार कसे? शेवटी एकाच कॉलेजातल्या दोघांनी एकमेकांचा तास बघायचा नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे ते मोकळे झाले.

कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाइल भरायची असेल तर सरळ दोन आठवड्यांचा रिफ्रेशर करा; इथे कागदावर काही मिळत नाही. चहाचेही पैसे आपलेच.

येत्या शनिवारी मी वाणिज्यच्या सरांच्या वर्गात मागे बसणार आहे. जमाखर्चातलं मला ओ की ठो कळत नाही. त्यांनी त्यासाठीच बोलावलंय.