सुपरफिशिअल टेंडनसाठी रुंद टोकाचे नाल: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

घोड्याच्या पुढच्या पायाला एसडीएफटीची (सुपरफिशिअल डिजिटल फ्लेक्सर टेंडन, पायाच्या मागचा वरच्या थरातला स्नायूबंध) दुखापत झालीये आणि "करेक्टिव्ह शूइंग (दुखापतीनुसार खास नाल) करून घ्या" एवढंच सांगितलं गेलंय, अशा लोकांसाठी लिहितेय. एग बार (मागे बंद, अंडाकृती नाल) काय, वेज पॅड (टाच उचलणारी पाचरीसारखी गादी) काय हे तुम्हाला माहिती आहे असं धरून चालते. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण विकणाऱ्याशी माझं अजून मिटलेलं नाही, आणि या डिझाइनचे नाल एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात, तत्त्व सगळ्यांचं एकच.

आमची तारा ९ वर्षांची, कुमैत रंगाची थरोब्रेड घोडी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून रिटायर होऊन आलेली. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आतल्या बाजूला एका छोट्या तबेल्यात असते. डावा पुढचा पाय, नळीच्या मागे फुगवटा, हाताला गरम, आणि अल्ट्रासाउंडमध्ये सुपरफिशिअल टेंडनच्या मधोमध काळा ठिपका, म्हणजे कोर लीजन, आतले तंतू तुटल्याची जागा. बाकी विश्रांती, गार पाण्याची धार, हाताने धरून चालवणं हे सगळं चालू केलंच, त्याबद्दल लिहीत बसत नाही.

पहिल्यांदा ज्यांनी काम केलं त्यांनी सरळ वेज पॅड ठोकले. टाच उचलली की टेंडनला आराम, हे आपल्याकडे तबेल्यात कोणालाही विचारा, हेच सांगतील. डीप फ्लेक्सरसाठी (त्याच्या आतल्या थरातला टेंडन) ते बरोबर आहे, कारण तो टेंडन खुराच्या आत जाऊन कॉफिन बोनला (खुराच्या आतलं हाड) चिकटतो, टाच वर गेली की त्याच्यावरचा ताण कमी होतो. पण सुपरफिशिअल खुरात जातच नाही, तो वर पेस्टर्नच्या (खुराच्या लगेच वरचा भाग) हाडांवरच संपतो, मग खुराची टाच उचलून त्याला काय मिळणार? उलट डीप ढिला पडला की फेटलॉकला (पेस्टर्नच्या वरचा सांधा) धरून ठेवण्याचं ओझं सुपरफिशिअल आणि सस्पेन्सरीवर (तोच सांधा मागून पेलणारा लिगामेंट) जास्त येऊ शकतं. हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवत कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं, तेव्हा त्या पॅडचे पैसे आठवून डोकंच फिरलं. आणि पॅडखाली काय झालं होतं ते काढल्यावर कळलं. टाचा चिरडून पुढे सरकलेल्या, फ्रॉगच्या (तळव्याचा मधला त्रिकोणी मऊ भाग) खाचेत काळा चिकट थर आणि तो वास, थ्रशचा (खूर कुजण्याचा), ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको. मोरचूद लावून लावून ते आटोक्यात आणलं.

मग हे नाल आले. पुढे टोकाला पट्टी चांगली रुंद आणि मागे दोन्ही फांद्या अरुंद, निमुळत्या. अॅल्युमिनियमचे, हातात घेतले तर वाटतं खेळण्यातले आहेत. कल्पना अशी की मऊ जमिनीवर रुंद टोक वर राहतं आणि मागचा अरुंद भाग रुततो, उंच टाचेची सँडल घालून वाळूत चाललं की टाच आत जाते तसं. टाच खाली गेली की डीप फ्लेक्सर ताणला जातो आणि फेटलॉकचं वजन तो थोडं जास्त घेतो, सुपरफिशिअल आणि सस्पेन्सरीला तेवढी सुटका. म्हणजे वेजच्या बरोब्बर उलटा विचार. म्हणूनच डीपच्या दुखापतीला हे नाल अजिबात लावू नका, तिथे एग बार किंवा मागे रुंद असलेलाच नाल, की टाच रुतणार नाही. कुठला टेंडन गेलाय हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि त्याशिवाय कोणी नाल सुचवत असेल तर त्यांचं ऐकू नका, मग ते कितीही जुने-जाणते असोत.

आता खिळे. मला माहितीये नालाच्या अनुभवात खिळ्यांवर इतकं लिहिणं विचित्र वाटेल, पण माझा अर्धा मनस्ताप याचाच आहे. साडेसहा हजाराची जोडी, कुरिअर वेगळं, आणि बॉक्समध्ये खिळे नाहीत! वेबसाइटवरच्या फोटोत नालाच्या बाजूला व्यवस्थित खिळे मांडून ठेवलेले दिसतात. विचारलं तर व्हॉट्सअॅपवर उत्तर, "मॅडम, खिळे फेरियर आणतो." फेरियर म्हणजे नालबंद आणतो, बरोबर, पण त्याच्याकडे जे असतात ते साध्या लोखंडी नालाचे, जाड डोक्याचे. या नालाच्या खाचेत ई-हेड (खिळ्याच्या डोक्याचा एक प्रकार) बसतं, ते पण ४ नंबरचं. डोकं खाचेत पूर्ण भरून बसलं पाहिजे, वर राहिलं तर काँक्रीटवर घासून जातं, बारीक पडलं तर नाल आत हलतो. आमच्या चाचांनी (नालबंद, वय झालंय पण हात सोन्याचा) त्या दिवशी ऐरणीवर ठेवून एकेक खिळ्याचं डोकं कानशीने घासून बसवलं, घाम पुसत पुसत, आणि शेवटी नालावर अंगठा दाबून म्हणाले, "बेटा, बैठ तो गया, लेकिन टिकेगा नहीं." मी बघितलं तर बाहेरच्या बाजूच्या दुसऱ्या खिळ्याच्या डोक्याभोवती खाचेत बारीक फट स्पष्ट दिसत होती.

तसंच झालं. जुलैच्या पावसात नाल सरकला, दोन क्लिंच (खिळ्याची बाहेर वाकवलेली टोकं) उचकटले आणि बाहेरच्या क्वार्टरला (खुराच्या बाजूला) खुराच्या भिंतीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला. थरोब्रेडची भिंत आधीच पातळ, त्यात दिवसभर ओल, खिळ्याचं भोक एकदा मोठं झालं की तिथे पुन्हा खिळा धरत नाही, वाढून खाली यायची वाट बघायची. खूर महिन्याला सेंटीमीटरभर सुद्धा धड वाढत नाही. म्हणजे चार-पाच रुपयाच्या वस्तूमुळे हजारोंचं काम वाया. विकणाऱ्याचं म्हणणं, योग्य खिळे आमच्याकडून वेगळे घ्या. वेगळे घ्यायला गेलं तर पूर्ण डबाच घ्यावा लागतो, एका घोडीच्या दोन पायांना दर वेळी १२ खिळे, तो डबा संपणार कधी आणि खाडीच्या हवेत गंजणार कधी! सुटे द्या म्हणलं तर पॉलिसी नाही. खारघरला एकांकडे दोन घोडे आहेत, त्यांच्याबरोबर अर्धा अर्धा डबा वाटून घेतला, मी माझे तेल लावून हवाबंद डब्यात ठेवलेत. योग्य खिळे लागल्यापासून नाल एक केसभर हललेला नाही. म्हणजे नालात दोष नव्हताच, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

रेटिंगबद्दल. उन्हाळ्यात मला कोणी विचारलं असतं तर मी या नालांना पाचपैकी पाच दिले असते. तेव्हाच्या स्कॅनमध्ये काळा ठिपका भरत आलेला, तंतूंची रेघ दिसायला लागलेली, डॉक्टर खूश, मी तर पेढे वाटायचे बाकी होते. आता माझं मत बदललंय. नाल चांगले आहेत, पण श्रेय त्यांच्या वाट्याला जास्त जातंय. खरं काम ट्रिमने, म्हणजे खूर कापून दिलेल्या आकाराने केलं.

चाचांनी पहिल्या दिवशी पाय उचलून तळव्यावर जिथे खूर सगळ्यात रुंद आहे तिथे मार्करने आडवी रेघ मारली आणि टेप लावली. रेघेच्या पुढे अंतर जास्त, मागे कमी, बराच फरक. नीट खुरात हे दोन्ही साधारण सारखं पाहिजे. म्हणजे टोक लांब, टाच खाली आणि पुढे पळालेली, बाजूने बघितलं तर पेस्टर्नची रेघ आणि खुराची रेघ एका सरळीत नाही, मध्ये मागच्या बाजूला मोडलेली. रेसच्या घोड्यांमध्ये हे खूप दिसतं. टोक लांब असलं की पाय उचलताना घोड्याला ते लांब टोक ओलांडून जायला जास्त जोर लागतो, प्रत्येक पावलाला टेंडन उगाच जास्त वेळ ताणलेला, आणि पुढच्या दोन पायांवर शरीराचं साधारण ६०% वजन असतं हे धरा. चाचांनी टोक मागे घेतलं, चिरडलेली टाच खुराच्या निरोगी, कडक थरापर्यंत उतरवली, नाल टोकापासून थोडा मागे बसवून कडा गोल केली. एका दिवसात सगळं नाही, एक्स-रेमध्ये तळवा पातळ दिसला होता म्हणून थोडं थोडं, दर रिसेटला (नाल काढून, ट्रिम करून परत लावताना). आतली-बाहेरची बाजू पण समान नव्हती, तारा बाहेरच्या टाचेवर आधी उतरायची, सपाट फरशीवर चालवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढलं की साफ दिसतं, हे प्रत्येकाने करून बघा, फुकट आहे.

आणि मला हे कशावरून कळलं की ट्रिम मोठी? पावसाळ्यात. रेस पुण्याला गेल्या की मुंबईतले बरेच फेरियर पण तिकडे. चाचा पण जातात. त्यात घोडबंदरची ट्रॅफिक, गायमुखला अडकलं की दुपारचं काम संध्याकाळवर जातं, मग "अंधार झाला बेटा, कल देखेंगे". पाच आठवड्यांचं रिसेट लांबत लांबत दोन महिन्यांच्या जवळ गेलं. नाल तोच, बरोबर खिळे लावलेला, पायात घट्ट, पण खूर वाढून टोक पुन्हा पुढे, टाच पुन्हा खाली, नाल आपला खुराबरोबर पुढे पुढे. फुगवटा परत हाताला लागायला लागला. गरम नव्हता, लंगडत पण नव्हती, पण मी रोज त्या नळीवरून बोटं फिरवते, मला कळतं. चाचा आले, ट्रिम केली, टोक मागे घेतलं, तेच नाल परत ठोकले, आणि आठवड्याभरात पाय पुन्हा आधीसारखा. नवीन काही विकत घेतलं नव्हतं. म्हणून सांगते, महागडा नाल आठ आठवडे ठेवण्यापेक्षा साधा नाल बरोबर ट्रिम करून पाच आठवड्यांनी काढलेला बरा, आणि खर्चात पण तेच परवडतं.

जमिनीबद्दल एक महत्त्वाचं, हे विकणारा सांगणार नाही. हा नाल मऊ जमिनीवरच आपलं काम करतो. आमच्या तबेल्यापासून पॅडॉकपर्यंतचा रस्ता काँक्रीटचा, तिथे टाच रुतणार कशात? तिथे तो फक्त एक हलका नाल. वाळूच्या पॅडॉकमध्ये फरक जाणवतो, चालताना मागच्या फांद्या आत गेलेल्या पावलाच्या ठशात दिसतात. पण खूप खोल वाळू पण नको, टेंडनलाच जोर पडतो. पावसात आमचा पॅडॉक गुडघाभर चिखल होतो, तेव्हा मी तिला आत सोडतच नाही, शेडमध्ये रबर मॅटवर आणि थोडं मुरमावर चालवते, साईस पोऱ्या कंटाळतो पण करतो बिचारा. म्हणजे ठाण्यात जून ते सप्टेंबर या नालाचा मुख्य फायदा मिळतोच असं नाही, त्या काळात साधा टोक गोल केलेला नाल चालेल का असं डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले चालेल, ट्रिम वेळेवर होणार असेल तर. पुढच्या वर्षी तेच करणार, चार महिन्यांचे पैसे वाचतील.

टिकाऊपणा: अॅल्युमिनियम लवकर झिजेल अशी भीती होती, पण तारा सध्या चालतेच फक्त, आता कुठे थोडी ट्रॉट सुरू केलीये, त्यामुळे एक जोडी एकदा रिसेट करून परत वापरता येते. दुसऱ्यांदा नाही, खाच झिजून खिळ्याचं डोकं वर येतं. डाव्या पायाला दुखापत असली तरी दोन्ही पुढच्या पायांना लावा, उजव्या पायावर इतके महिने जास्त भार आलाय, त्याचं पण स्कॅन करून घ्या, आम्ही केलं, सुदैवाने स्वच्छ निघालं.

टेंडन भरला तरी तो जुन्यासारखा होत नाही, तिथे स्कार बनतो, कमी लवचिक. म्हणून स्कॅन चांगलं आलं की लगेच पळवायला घेऊ नका, तारा दिसायला आज ठणठणीत आहे आणि सोडली तर उधळेल, पण आमचं पूर्ण वर्ष जाणार हे पहिल्या दिवशीच ठरलंय.

सध्याचं रेटिंग: नालाला साडेतीन, विकणाऱ्याला एक, चाचांना पाच.

विकणाऱ्याने पहिल्या ऑर्डरला पुढच्या ऐवजी मागच्या पायाची जोडी पाठवली होती, आकार टोकदार, पुढच्या गोल खुराला बसणं शक्यच नाही, आणि अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही म्हणून परत घेतली नाही. ती जोडी तशीच बॉक्समध्ये आहे, साइज मध्यम. मागच्या पायाच्या सस्पेन्सरीला दुखापत झालेला घोडा कोणाकडे असेल आणि डॉक्टरांनी याच प्रकारचा नाल सांगितला असेल तर कळवा, अर्ध्या किमतीत देते, १२ बरोबर खिळे माझ्याकडून सोबत. ठाणे किंवा नवी मुंबईत स्वतः आणून देईन, कुरिअर नको.