पाकिटातला घरखर्च: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात बँकेचं स्टेटमेंट काढलं, तेव्हा एका महिन्यात यूपीआयच्या १४३ नोंदी निघाल्या. निम्म्याहून जास्त शंभर रुपयांच्या आतल्या. वीस, पस्तीस, साठ. कशाचे ते मला आठवेना, नवऱ्यालाही आठवेना. पगार दोघांचे, घरात आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. घराचा हप्ता वेळेवर जातो, पण २५ तारीख उलटली की ओढाताण ठरलेली. म्हणून जूनपासून रोजचा खर्च रोखीने आणि पाकिटांतून करायचा ठरवला. जानेवारी संपत आला, आठ महिने झाले.

पद्धत साधी आहे. महिन्याच्या सुरुवातीला पैसे काढायचे, किराणा, भाजी, दूध, औषधं असे वेगळे करून ठेवायचे, आणि ज्याचं पाकीट संपलं तो खर्च त्या महिन्यापुरता थांबवायचा. अमेरिकेत पैशांविषयी सल्ला देणारे लेखक डेव्ह रॅमसी यांनी ती घरोघरी पोचवली. मी सासूबाईंना समजावून सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही दुसरं काय करत होतो? तुझे सासरे सातपूरहून पगाराचं पाकीट आणायचे, ते देवापुढे ठेवायचं आणि रात्री त्याचे वाटे करायचे. दूधवाला, वाणी, भिशी, शाळा."

सुरुवातीला घरात पडलेली आहेराची पाकिटं घेतली, रुपयाचं नाणं चिकटवलेली. महिनाभर उघडझाप झाल्यावर ती कडेला फाटली. मग सासूबाईंनी ओटीतले साठलेले ब्लाऊजपीस काढून मशीनवर बटव्यासारख्या पिशव्या शिवल्या. भाजीची हिरवी, दुधाची पांढरी, औषधांची गुलाबी. रंग इतके सवयीचे झाले की आता नाव वाचावं लागत नाही. प्रत्येक पिशवीत वहीचा चतकोर कागद असतो, त्यावर तारीख आणि आकडा. एवढाच हिशेब.

पहिल्या महिन्यात मी ११ पाकिटं केली होती. तो उत्साह नडला. लाईट बिल, सिलिंडर, शाळेची फी, विम्याचा हप्ता हे सगळं आम्ही ऑनलाइनच भरतो, मग त्याची रोख घरात ठेवून काय उपयोग? पेट्रोलचं पाकीटही दोन महिन्यांत बंद केलं, कारण नवरा कामावरून येताना पंपावर फोननेच पैसे देतो आणि पाकीट घरी तसंच राहतं. तेच पैसे बँकेतूनही जात होते आणि घरातही दिसत होते, त्यामुळे हिशेब फसायचा. आता सहाच पाकिटं आहेत: किराणा ८,०००, भाजी-फळं ४,०००, दूध २,८००, औषधं १,५००, बाहेरचं खाणं २,०००, किरकोळ १,५००. एकूण १९,८००. अर्धे १ तारखेला काढते, अर्धे १६ ला, म्हणजे घरात एकदम जास्त रोकड राहत नाही.

सगळ्यात मोठी अडचण सुट्ट्या पैशांची. एटीएममधून ५०० च्या नोटा आल्या तर भाजीचं पाकीट जवळजवळ निरुपयोगी. सकाळी सातला भाजीवाल्यापुढे पाचशेची नोट धरली की तो गाडीवरच्या क्यूआरकडे बोट दाखवतो, आणि आपण पुन्हा तिथेच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत ७५ टक्के एटीएममधून किमान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळाल्या पाहिजेत. आमच्या भागात त्याने थोडा फरक पडला. तरी मी आता सरळ काउंटरवर जाते आणि स्लिप भरतानाच शंभराच्या काही नोटा आणि दहाचं एक बंडल मागते. उरलेले पाचशेने घेते, ते किराण्याला चालतात. वारंवार थोडे थोडे एटीएममधून काढायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत, पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क लागतं.

दुसरी अडचण घरपोच मागवण्याची. पाऊस असला किंवा पाहुणे आले की दूध-ब्रेड ॲपवरून मागवलं जातं आणि पैसे खात्यातून जातात. त्यासाठी एक जुना पेढ्यांचा डबा ठेवलाय. जेवढे ऑनलाइन गेले तेवढी रोख त्या पाकिटातून काढून डब्यात टाकायची, आणि पुढच्या वेळी बँकेतून तेवढे कमी काढायचे. हे त्याच दिवशी करावं लागतं. दोन दिवस राहिलं की राहिलंच.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. श्रावणाचे उपवास, साबुदाणा, शेंगदाणे, मग गणपती आणि लगेच गौरी. किराण्याचं पाकीट २३ तारखेलाच रिकामं झालं. मला फार वाईट वाटलं, सगळं सोडून द्यावं असंही वाटलं. शेवटी बाहेरच्या खाण्यातून ६०० घेतले आणि दोन्ही कागदांवर तसं लिहिलं. तेव्हापासून सणासाठी दर महिन्याला २,००० वेगळ्या खात्यात टाकते. दिवाळीला तरीही कमी पडले, पण उधार-उसनवार झाली नाही.

पैसे वाचले का? जून-जुलैत काहीच नाही. सप्टेंबरपासून, ऑक्टोबर सोडला तर, महिन्याला खात्यात पूर्वीपेक्षा ३,००० ते ३,५०० जास्त उरायला लागले. ते जवळजवळ सगळे बाहेरच्या खाण्यातले आणि किरकोळीतले. किराण्यात फारसं वाचत नाही, आणि त्यात वाचवायच्या मागे लागूही नये असं मला वाटतं. नोव्हेंबरमध्ये पोस्टात ३,००० ची आरडी सुरू केली, पाच वर्षांची.

पण मला यातून जे मिळालं त्याचा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता. पूर्वी भाजी सासूबाई आणायच्या. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जाणं, मेथीची जुडी उलटून बघणं, दोन रुपयांवरून घासाघीस करणं, हे त्यांचं होतं. घरात फोनने पैसे द्यायला लागलो आणि रोख संपली. त्या यूपीआय वापरत नाहीत. मग भाजीसाठी त्यांना माझ्या नवऱ्याकडे किंवा माझ्याकडे पैसे मागावे लागायचे, आणि आमच्या पाकिटात कधी असायचे, कधी नसायचे. हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणायच्या, आम्हीही मान्य केलं.

जुलैतल्या एका बुधवारी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर मेथी, गवार आणि गावठी काकड्या. हिरव्या पिशवीतल्या कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: "भाजी २१०, रिक्षा ४०, उरले ७५०." त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, पैसे समोर होते. आता भाजीचं पाकीट पूर्ण त्यांच्याकडे आहे, आणि आठ महिन्यांत ते एकदाही महिन्याआधी संपलेलं नाही. ज्यांच्या घरात फोनवरून पैसे न देणारं एखादं मोठं माणूस आहे, त्यांनी बाकीची पाकिटं नाही केली तरी हे एक करून बघा.

मुलालाही किरकोळीतून आठवड्याला १०० देतो, तो आपला कागद आपणच लिहितो. नवरा अजून पूर्ण रुळलेला नाही. कामावरच्या चहा-नाश्त्याचे पैसे तो फोननेच देतो, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

१ फेब्रुवारीला रविवार आला आहे, म्हणून पैसे आदल्या दिवशीच काढणार. ३१ जानेवारी महिन्यातला पाचवा शनिवार, त्यामुळे बँक उघडी आहे. सासूबाईंनी या वेळी दहाची दोन बंडलं आणायला सांगितली आहेत.