आजीचा रुपया की यात्रेतला?

दोन्ही रुपये व्हिक्टोरियाचे, दोन्हींवर 1901. एक चोपड्याच्या आजलमायच्या डब्यातला, काळपट. दुसरा यात्रेत घेतलेला, लखलखीत. पहिल्या नजरेत दुसराच जिंकतो, आणि मीही तिथेच फसलो.

अस्सल रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. जळगावात सराफाच्या काट्यावर आजलमायचा 11.4 भरला. झीज म्हटली तर ठीक. यात्रेतला 9.8! झिजलेला नसताना एवढं वजन कुठे गेलं?

भिंग लावलं. लखलखीत नाण्याची अक्षरं साबणावर कोरल्यासारखी बोथट, मोकळ्या जागेत बारीक खड्डे, आणि कडेच्या दात्यांमधून फिरलेली साच्याची रेघ. ओतीव माल, म्हणजे ठोकून पाडलेला नाही, साच्यात ओतलेली नक्कल. आजलमायच्या नाण्यात राणीच्या कानावरचे केस सपाट झालेत, पण मुकुटाची नक्षी अजून बोटाला लागते. म्हणजे दर्जा मध्यम. वर कडी जोडायला टाका मारल्याची खूण आहे, कधीतरी गळ्यात घातला असणार. संग्राहक त्याचे पैसे कापतो.

चुंबक दोन्हींना चिकटला नाही, पण पितळ-तांब्यालाही तो चिकटत नाहीच.

काळपटपणा मात्र चिंचेने घासू नका. भाव पडतो.